बहरीनच्या हवेत विणलेली रॅकेट

मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने माझ्या ट्रंकेतला बिस्किटांचा डबा उघडला, वास घेतला आणि मान मागे घेतली.

"हे काय आहे बाई? खायचं आहे?"

"खेळायचं आहे," मी म्हटलं.

डब्यात तातेची सहा वेटोळी होती. तात म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेली दोरी. चांगल्या टेनिस रॅकेटची जाळी तिने विणतात. शेजारी टोच्या, चिमटा आणि माझ्या वडिलांचं गुळगुळीत झालेलं लाकडी दांडकं. त्याने सगळं उलटंपालटं केलं आणि डबा बंद केला. त्र्याऐंशी सालचा ऑक्टोबर होता. वयाच्या पन्नाशीत मी पहिल्यांदाच विमानात बसत होते, तेही एकटी.

माझे वडील मिरजेला डॉक्टर लोकांच्या क्लबात मार्कर होते. मार्करने कोर्ट आखायचं, सभासदांशी खेळायचं, रॅकेटी दुरुस्त करायच्या. विणायला मी त्यांच्याकडून शिकले आणि माझा धाकटा भाऊ दत्ता माझ्याकडून. वडील गेल्यावर आम्ही दुकान काढलं. पाटीवर नाव दत्ताचं. पुढे तो बहरीनच्या एका क्लबात नोकरीला लागला, पण पाटी तीच राहिली. गिऱ्हाईक आलं की मी म्हणायची, "आतल्या कारागिराला सांगते." मग पडद्याआड जाऊन स्वतःच विणायला बसायची. बाईच्या हातची रॅकेट म्हटल्यावर लोक तपासत बसतात. तेवढा वेळ कुणाला आहे?

दत्ता दोन वर्षं घरी आला नव्हता. त्याने तिकीट पाठवलं आणि चिठ्ठीत लिहिलं, "अक्का, महिनाभर ये. येताना तात आण, इथली संपली आहे."

मुहर्रकच्या विमानतळावर शिडीवर पाऊल ठेवलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. वाळवंट म्हणजे कोरडं, ही माझी समजूत तिथेच संपली. बहरीन हे बेट आहे. समुद्राची वाफ अंगाला चिकटते ती सुटत नाही. पदराने काचा पुसल्या तेव्हा समोर दत्ता दिसला आणि त्याच्याबरोबर क्लबच्या ऑफिसातला टायपिस्ट पास्कल. हा वसईचा. माझी राहायची सोय त्याच्याच घरी केली होती.

टॅक्सीवाला म्हातारा बहरीनी, मोडकं हिंदी बोलणारा. "यल्ला, यल्ला" (चला, चला) म्हणत त्याने घाई लावली. दत्ता वाकून माझी ट्रंक आत सरकवत होता. मी दुसऱ्या बाजूने बघितलं, ट्रंक बसली असं वाटलं आणि दार आपटलं. मला कामं पटापट करायची सवय आहे.

दत्ता ओरडलासुद्धा नाही. नुसता खाली बसला. उजव्या हाताची दोन बोटं दारात होती.

मुहर्रकहून मनामाला जाताना दोन्ही बाजूंना पाणी होतं. टॅक्सीवाला मला काहीतरी दाखवत होता. मी रुमालातून झिरपणारं रक्त बघत होते. दवाखान्यात बोटांना पट्ट्या बांधल्या आणि सांगितलं, सहा आठवडे हात वापरायचा नाही.

"खलास," बाहेर आल्यावर पास्कल म्हणाला.

"काय खलास? बोटं जागेवर आहेत."

"बोटं नाही हो अक्का, नोकरी. ह्याचा करार ह्या महिन्यात संपतो. सेक्रेटरी म्हणतोय, रॅकेटी बाहेरच्या दुकानात देऊ, कायमचा माणूस कशाला? शुक्रवारची मॅच नीट झाली तर रिन्यू करेल. आज सोमवार."

"मॅच कुणाची?"

दत्ता पहिल्यांदा बोलला. "दोन अमेरिकन बायका येतायत, अक्का. एक डोनेलीबाई. पहिल्या फळीतली."

डोनेलीबाईंचं नाव मला माहीत होतं. वडील वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवायचे. सत्तर साली नऊजणींनी नाममात्र एकेका डॉलरवर सह्या करून बायकांच्या वेगळ्या स्पर्धा सुरू केल्या. पुरुषांना बक्षीस भरपूर आणि ह्यांना चणेफुटाणे, म्हणून. टेनिस संघटनेने त्यांना बाहेर काढायची धमकी दिली होती. डोनेलीबाई त्या नऊजणींत नव्हत्या, पण पुढच्याच वर्षी त्यांच्यात गेल्या आणि विजेत्या झाल्या. आता त्यांची चाळिशी आली होती. तरीही त्या लाकडी रॅकेट आणि तात सोडत नव्हत्या.

"मी विणते," मी म्हटलं. "नाव तुझं. घरी तरी दुसरं काय चालतं?"

पास्कलचं घर अदलियात, एका बैठ्या घराच्या मागच्या दोन खोल्या. त्याची बायको फिलोमिना नर्स. मंगळवारी तिची सुट्टी होती म्हणून ती मला अरादला समुद्र दाखवायला घेऊन गेली. तिथल्या जुन्या किल्ल्याची पडझड झाली होती. ओहोटीच्या उथळ पाण्यात हद्रा (मासे अडवायचं काड्यांचं कुंपण) उभे होते. मासे भरतीबरोबर आत येतात आणि पाणी उतरलं की आतच राहतात. दुपारी तिने मचबूस (मसाल्याचा भात, वर तळलेला मासा) खाऊ घातला. चांगला होता. माझं लक्ष मात्र घड्याळाकडे होतं.

बुधवारी डोनेलीबाईंच्या तीन रॅकेटी आल्या. क्लबच्या कामाच्या खोलीत विणायचं यंत्र जमिनीला बोल्टने पक्कं केलेलं होतं. ए.सी. असा की मी शाल घेतली. दत्ता दारात उभा, उजवा हात पँटच्या खिशात. कुणी आलं की तो मोठ्याने म्हणायचा, "अक्का, टॉवेल दे," आणि मी उठून टॉवेलांची मोलकरीण व्हायची. तीन वेळा सेक्रेटरी डोकावला. पिंगट मिशीचा, इस्त्रीच्या अर्ध्या चड्डीतला इंग्रज. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "खिशात काय आहे?"

"चावी, सर," दत्ता म्हणाला.

संध्याकाळपर्यंत तिन्ही रॅकेटी झाल्या. ताण दाखवणारा यंत्राचा काटा पंचावन्न पौंडांवर, गाठी बारीक. मी खूश होते.

गुरुवारी दुपारी डोनेलीबाई सरावाला उतरल्या. अर्ध्या तासात त्या खोलीच्या दारात आल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, एका गुडघ्याला पट्टा. मागे सेक्रेटरी. बाईंनी रॅकेट कानाशी धरली आणि नखाने तार छेडली. 'टण्' यायला हवं होतं. 'डब्' आलं.

"ही तू विणलीस?" त्यांनी दत्ताला विचारलं.

"येस, मॅडम."

"किती पौंड?"

"पंचावन्न."

त्या त्याच्या खिशाकडे बघत राहिल्या. मग तिन्ही रॅकेटी टेबलावर ठेवून गेल्या. सेक्रेटरी थांबला. "उद्या दोनपर्यंत," तो दत्ताला म्हणाला. "नाहीतर पहिल्या तारखेपासून हे काम बाहेर जाईल."

मी टॉवेल हातात घेऊन उभी होते. माझ्या कामाचं बोलणं माझ्या भावाने खाल्लं आणि मी गप्प राहिले.

तात सैल कशी पडली? आमच्या मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर गल्लोगल्ली. शेजारचे चाचा सारंगीला तात चढवायचे. पावसाळ्यात ते तात आदल्या रात्री अंगणात टांगत. "तिला बाहेरची हवा पिऊ दे. बंद खोलीत ओढशील तर बाहेर गेल्यावर फसवेल," म्हणायचे. मी सारंगी वाजवत नाही, म्हणून ते विसरले होते. कोरड्या, गार खोलीत विणलेली तात ह्या वाफेत गेली, फुगली आणि सैल पडली. यंत्राच्या काट्याला काय कळतंय!

पण यंत्र हलत नव्हतं आणि तातेची तीनच वेटोळी उरली होती.

कोर्टामागे खजुरीच्या झाडांत पाण्याच्या पंपाची शेड होती. गुरुवारी संध्याकाळीच मी तिन्ही वेटोळी तिथे खिळ्याला टांगली. शुक्रवारी सकाळी सहाला पास्कलने आम्हाला आत सोडलं. रॅकेट गुडघ्यात धरली, तातेचा वेढा वडिलांच्या दांडक्याला दिला, दांडकं पायाने दाबलं आणि ओढून टोच्याने छिद्रात अडवलं. अंदाज कानाने घ्यायचा.

पहिली तात अकराव्या उभ्या ओळीला तुटली. ओली तात तेवढाच ताण सोसत नाही, हे कळायला एक वेटोळं गेलं.

दुसरी आडव्या ओळींत गेली. शेवटच्या चार राहिल्या होत्या.

"अक्का, राहू दे," दत्ता म्हणाला. "मी सांगतो त्याला खरं काय ते."

"गप बस आणि पाणी दे."

तिसरी मी सुरात किंचित उतरवून घेतली आणि दर पाच ओळींनी थांबले. तिला स्थिरावू दिलं, पुन्हा छेडलं, पुन्हा ओढलं. नऊ वाजून गेले. शेवटून तिसरी आडवी ओळ दांडक्यावर ताणलेली असताना शेडचं दार उघडलं. डोनेलीबाई आणि सेक्रेटरी दत्ताला शोधत आले होते.

"ही बाई इथे काय करतेय?" सेक्रेटरीने विचारलं.

माझ्या पायाखाली दांडकं होतं, एका हातात तात, दुसऱ्यात टोच्या. काहीही सुटलं असतं तर सगळं गेलं असतं. दत्ताने खिशातून हात बाहेर काढला. पट्ट्या दिसल्या.

"सर, मीच..." त्याने सुरुवात केली.

"आय," मी मान वर न करता म्हटलं. "आय स्ट्रिंग. वेन्सडे ऑल्सो आय. ही, नो. हँड, आय ब्रेक."

"अरे देवा," मागून पास्कल म्हणाला.

मी टोच्या घातला, तात अडवली, घाम पुसला आणि पुढची ओळ घेतली. सेक्रेटरी काहीतरी बोलायला लागला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं, बादली उलटी घातली आणि पट्ट्याचा गुडघा लांब करून तिच्यावर बसल्या.

"बुधवारी खराब होती," त्या म्हणाल्या. पास्कल मराठीत सांगत गेला.

"होती. खोली चुकली."

"मग काल का बोलली नाहीस?"

"नाव ह्याचं आहे. काम ह्याचं आहे."

त्या माझ्या हातांकडे बघत म्हणाल्या, त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत विजेत्यांच्या फलकावर बाईचं नाव नवऱ्याच्या आद्याक्षरांनी लिहायचे. "माझं लग्न मोडलं होतं. तरी मी जिंकले तेव्हा वर अक्षरं त्याचीच. तो मॅच बघायलासुद्धा आला नव्हता. पुढे आमच्या स्वतःच्या स्पर्धा निघाल्या तेव्हा आम्हीच बाजारात उभं राहून तिकिटं वाटायचो. फुकट."

"लोक यायचे?" मी विचारलं.

"आधी नाही."

मी शेवटची गाठ मारली आणि तार छेडली. त्यांनी रॅकेट घेतली, कानाशी धरली, पुन्हा छेडली. दमट हवा लागू नये म्हणून तातेवर दिलेला लाखेचा हात वाळेपर्यंत थांबल्या आणि घेऊन गेल्या. सेक्रेटरी दत्ताला म्हणाला, "मॅचनंतर ऑफिसात ये."

मॅच चार वाजता सुरू झाली. समोरची मुलगी पंचवीस-सव्वीसची, तिच्या हातात नव्या धर्तीची रॅकेट. मी जाळीच्या कुंपणाबाहेर उभी होते. मॅच मी बघितली असं म्हणता येणार नाही, ऐकली. पहिल्या सेटमध्ये बाईंच्या फटक्याचा आवाज स्वच्छ होता. तो सेट त्यांनी घेतला. दुसऱ्या सेटच्या मध्यावर आवाज किंचित खाली आला. दत्ताने माझ्याकडे बघितलं. त्यालाही ऐकू आलं होतं.

"उतरतेय," तो म्हणाला.

"तेवढी उतरणारच. आता थांबेल."

"आणि नाही थांबली तर?"

बाईंनी तारा बोटांनी सारख्या केल्या आणि कुंपणाकडे एक नजर टाकली. कडेला कालच्या सैल रॅकेटी पडल्या होत्या. त्यांना त्यांनी हात लावला नाही. त्या लांबून मारायचं सोडून जाळीजवळ येऊन खेळू लागल्या. आवाज तिथेच थांबला. मी प्रत्येक फटका मोजत होते. तो आणखी खाली गेला नाही. दुसरा सेट गेला. तिसऱ्यात त्यांचा गुडघा दुखतोय हे दिसायला लागलं आणि त्या हरल्या.

हरल्या म्हणजे आता सगळं आमच्यावर येणार, असं मी धरून चालले. बाई घामाने निथळत सेक्रेटरीकडे गेल्या. त्याच्या कानाशी रॅकेट धरून तार छेडली.

"ही टिकली," त्या म्हणाल्या. "गुडघा टिकला नाही. तो तुमच्या माणसाने विणलेला नव्हता."

ऑफिसात पास्कलने पत्र टाइप केलं. दत्ताला वर्षाचा करार मिळाला नाही. तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली; बोटं चाललीच तर पुढचं बघू, असं. सेक्रेटरीने मला एक शब्दही विचारला नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून सभासदांच्या रॅकेटी पंपाच्या शेडमध्ये येऊ लागल्या आणि खोलीतला ए.सी. बंद झाला.

"अक्का, तुला गप्प बसता आलं नसतं?" दत्ताने रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"गुरुवारी बसले होते. काय झालं?"

त्याने डाव्या हाताने खुबूस (भट्टीतली रोटी) तोडला आणि विषय बदलला.

पुढचे तीन आठवडे त्या विणून झाल्या की मी मनामाच्या बाजारात फिरले, वाळूतले हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे ढिगारे बघितले, आणि सौदीकडे जाणारा पूल समुद्रात बांधत होते तोही लांबून बघितला. बरंच बघण्यासारखं आहे. निघताना विमानतळावर दत्ताने मला टॅक्सीपासून दोन हात लांब उभं केलं. "तू दाराला हात लावायचा नाहीस," म्हणाला. त्याची पट्टी आता एकाच बोटाला होती. जानेवारीत त्याचं पत्र आलं: आणखी एक वर्ष.

लोक विचारतात, बहरीनला काय बघितलंस? मी समुद्र सांगते, थडगी सांगते. फलकावरच्या अक्षरांचं सांगत नाही, कारण ते सांगायचं असेल तर आधी आपली पाटी बघावी लागते. ती मी परतल्यावर बघितली. रंगाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला दिवाळीनंतर. पडदा मात्र त्याच दिवशी काढला, तसाही मळला होता.

दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर आले, रॅकेट घेऊन. अवेळी पाऊस पडून गेला होता.

"आतल्या कारागिराला सांगा, जरा घट्ट विणायला."

"आत कुणी नाही," मी म्हटलं. "मीच विणते. परवा या. हवा दमट आहे, आज घाई केली तर सैल पडेल."