लिलाबाईची वाकडी रेघ

लिलाबाईच्या पायाले चक्कर हाय, असं इंझोरीत म्हणत, आणि म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. बावीस वर्षं तिनं सायकलवर डाक वाटली. गाव, दोन वाड्या, एक तांडा आणि मधली वावरं मिळून रोजचे अठरा-वीस किलोमीटर. दांडीवाली सायकल, साडीचा काष्टा, खांद्यावर खाकी थैली. पासष्टी भरली तेव्हा ऑफिसनं शाल-नारळ देऊन थैली परत घेतली. सायकल तिची स्वतःची होती, म्हणून तेवढी घरी आली.

पहिल्या आठवड्यात तिनं अंगण दिवसातून तीनतीनदा झाडलं. चौथ्यांदा खराटा हातात घेतला तेव्हा सून चंदा म्हणाली, "आत्याबाई, आता राहू द्या. नाई तं जमिनीतून पानी लागन."

बसली तरी लिलाबाईचा गुडघा हलत राही. जेवताना नजर दारात, निजताना कान रस्त्यावर. नवव्या दिवशी तिनं काष्टा घातला आणि निघाली. कुठं? कुठंच नाही. जिथं रोज जायची तिथं. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर लोकांनी मुन्नाला, तिच्या लेकाला, गाठलं.

"काय बे मुन्ना, डाक तं आता नवा मानूस वाटते. मंग तुही माय कायची वसुली करून राह्यली?"

मुन्ना तापून घरी आला. "माय, डाक होती तवा गोष्ट येगळी होती. आता लोक मले इचारतात, बुढी बिनकामाची काहून हिंडते?"

"तुले काहून इचारतात? मी का मुकी हावो?"

"तुले कोन इचारन! तुह्या तोंडाले सारा गाव भेते." मुन्नानं सायकलच्या सीटवर थाप मारली. "एक काम दाखव मले. काम असन तं खुशाल जाय, मी कोनाचं आयकनार नाई. होळीपर्यंत दाखव. नाई तं ही सायकल मी माळ्यावर टाकतो."

"दाखवतो," लिलाबाई म्हणाली. काय दाखवणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. होळीला पाच आठवडे होते.

पुढच्या रविवारी फाट्यावर कारंज्याचे सायकलवाले चहाला थांबले. पातळ चाकांच्या सायकली, डोक्यावर टोप, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. दर महिन्याला सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरणारी ही मंडळी. त्यांची म्होरकी रूपाली, कारंज्यातल्या एका शाळेत मास्तरीण. मोठ्या रस्त्यावर मागून ट्रकचा वारा कसा ओढून नेतो, ते ती चहावाल्याला सांगत होती.

लिलाबाई तिथंच उभी होती. हल्ली ती कुठंतरी उभीच असे.

"डांबरावर मरता कायले?" ती मधेच बोलली. "वाडीवरून सपाट रस्ता हाय. त्याले चढ नाई का उतार नाई. मंग जंगलाच्या काठानं जा, सागाच्या सावलीनं. पुढं बबनरावाची अंगुराची बाग लागते. रानातला रोही आडवा येईन, पन रोही हॉर्न तं वाजवत नाई!"

रूपाली हसली, मग तिनं कान टवकारले. "द्राक्षं? आपल्या इकडं?"

"हाव. सारे संत्रा लावतात तं यानं अंगूर लावला. उलट्या डोक्याचा मानूस हाय. तुमचं जमन त्याच्यासंगं."

नकाशात रूपालीला तो रस्ता तुटक तुटक दिसला. मधे पांदण, म्हणजे वावरांतली बैलगाडीची वाट होती, ती तर नकाशात नव्हतीच. तेव्हा रूपालीनं आपला जुना फोन लिलाबाईच्या हातात दिला. फोन पिशवीत टाकून एकदा पूर्ण रस्ता फिरून यायचं. जिथून सायकल जाईल तिथून फोन रेघ ओढेल. तीच रेघ पुढच्या फेरीत सगळ्यांच्या फोनात टाकू.

"मले काय करा लागन?"

"काहीच नाही, मावशी. तुम्ही नेहमी जशा जाता, अगदी तशाच जा."

लिलाबाईनं घरी येऊन मुन्नाला सांगितलं, "काम भेटलं. आता मी रस्ता काढून राह्यली."

"रस्ता तं निघालेलाच हाय, माय."

"तुले काय समजते."

"त्यायले पसंत तं पडू दे आधी. नाई पडला तं माळा हायेच."

दुसऱ्या दिवशी ती निघाली आणि नेहमी जशी जात होती, अगदी तशीच गेली.

मार्चच्या पहिल्या रविवारी चोवीस सायकलवाले आले. होळीला आता तीनच दिवस होते. लिलाबाई सकाळपासून बबनरावाच्या बागेत हजर. मांडवाखाली घड लोंबत होते, पाखरांसाठी जाळी लावलेली होती. मुन्ना मोटरसायकलवर रोडग्यांचा डबा आणि वरणाची बादली घेऊन आला होता. पाहुणे जेवणार होते. नऊला पोचायचे होते. साडेनऊ झाले, दहा झाले. रस्ता रिकामाच.

लिलाबाई मांडवाच्या या टोकापासून त्या टोकाला फिरत होती.

"लिलाबाई, बस वं," बबनराव म्हणाला. "तुह्यानं माह्या येलायच्या मुया तुडवल्या जाऊन राह्यल्या. पाव्हन्यायले रोह्यायनं नेलं का काय?"

मुन्नानं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. ते झाकण तिच्या डोक्यात वाजलं. तिनं सायकल काढली आणि उलटी निघाली.

जंगलाचा काठ ओलांडला, पांदण ओलांडली, कुणी नाही. तांड्याजवळ आली तर गलका ऐकू आला. सुंदरबाई, तांड्यातली तिची जुनी ओळखीची म्हातारी, अंगणाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"लिला! कोन हायेत वं हे? चोवीस जनं माह्या अंगनात आले, चुलीपावतर आले, अन् राम राम न करता परत गेले. कोंबड्या अजून झाडावरून उतरल्या नाईत."

"तुह्या अंगनात? कायले?"

"मले काय माईत! मी म्हनलं, येवढी डाक कोनाची आली?"

लिलाबाई तशीच तांड्यामागं वळून तिथल्या भाऊसिंगच्या खळ्यावर गेली आणि जे दिसलं त्यानं तिचे पाय पायडलवरच थांबले. खळ्यात मोठा लिंब आहे. त्या लिंबाभोवती चोवीसच्या चोवीस सायकली एकामागं एक गोल फिरत होत्या. भाऊसिंग खाटेवर बसून मान फिरवून मोजत होता.

रूपाली तिला पाहून थांबली. चेहरा घामानं लाल झालेला. "मावशी, या झाडाला फेरी का मारायची असते? देव आहे का इथं?"

"देव? नाई वं."

"मग रेघ गोल का आहे?" तिनं फोन पुढं केला.

लिलाबाईनं चष्मा लावून पाहिलं. कोंबडी उकिरड्यावर फिरावी तशी रेघ. इथं सुंदरबाईचं अंगण, तिथं वाडीतली शाळा, मधे विहीर, तीन खळी, पाच दारं. बावीस वर्षं जिथं जिथं थैली उघडली, तिथं तिथं रेघ आत जाऊन बाहेर आली होती. हात आपोआप वळले होते. तिला त्या दिवशी कळलंही नव्हतं.

"हे कुत्र्याचं हाय," ती हळूच म्हणाली. "भाऊसिंगचं कुत्रं अंगावर ये. म्हून मी लिंबाच्या आडून फेरा मारो."

"आणि कुत्रं कुठंय?"

"मेलं ते," भाऊसिंग खाटेवरून म्हणाला. "दोन सालं झाली."

मागं दोघं-तिघं फिदीफिदी हसले. एकजण मात्र वैतागला, "मॅडम, अकरा किलोमीटर जास्त झाले. हे काही रूट झालं का?"

लिलाबाईच्या डोळ्यांसमोर माळा आला, आणि त्यावर चाकं वर करून पडलेली सायकल.

बागेत जेवणं झाली. द्राक्षांचे घड फिरले, तसा वैतागलेला माणूसही निवळला. रस्ता सगळ्यांना आवडला होता. साग, सपाटी, दोन रोही, म्हणजे नीलगायी, दिसले होते. अंगणंच तेवढी नको होती. रूपाली मांडवाखाली बसून बोटानं रेघ सरळ करू लागली. सुंदरबाईचं अंगण गेलं, शाळा गेली, लिंब गेला.

"हे असं पुसता येते?" लिलाबाईनं विचारलं.

"येतं ना. आता एकदम सरळ. कुणाला विचारायलाच नको."

मुन्ना बादली घासत ऐकत होता.

लिलाबाईचा गुडघा हलत होता. तो एकदम थांबला. "मास्तरीनबाई, जंगलाच्या काठाले बोरीचे काटे हायेत. वाऱ्यानं रस्त्यावर येतात. ते या रेघीत दिसन का?"

"नाही, मावशी."

"पांदनीत कोनी रातून पानी सोडलं, चिखल झाला, तं?"

"नाही."

"झाड पडलं तं? बबनराव आज घरी हाय का सोयऱ्याच्या लग्नाले गेला, हे?"

रूपालीनं तिच्याकडं पाहिलं. आज दोन सायकली काट्यांनी पंक्चर झाल्याच होत्या. "नाही दिसत. आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन पाहायला पाहिजे खरं. तुम्ही जाल? अन् फोन करून सांगाल?"

लिलाबाईनं उत्तर मास्तरणीला दिलं नाही. ती मुन्नाकडं वळली. "आयकलं का?"

"आयकलं," मुन्ना म्हणाला. बादली उपडी ठेवून त्यानं हात पुसले. "महिन्यातून एक दिवस हाय ते, माय."

"रस्त्याचा एका दिवसाचा तरी भरोसा हाय का? काटे का तारीख पाहून पडतात?"

बबनराव मोठ्यानं हसला. मुन्नाही मान खाली घालून हसला. होळी आली, गेली. सायकल ओसरीतच राहिली.

पानठेल्यावर कुणी आता विचारलं की मुन्ना सांगतो, "माय रस्ता पाहाले गेली."

"काहून, रस्ता पयाला का कुटी?"

"पयाला तं माय धरून आनन. तू पान लाव."

आणि लिलाबाई वाडीवरून, शाळेवरून, सुंदरबाईच्या अंगणातून भाऊसिंगच्या खळ्यात येते. लिंबाला फेरी मारते.

"बाई, कुत्रं मेलं ना वं!" भाऊसिंग खाटेवरून ओरडतो.

"मले माईत हाय," ती म्हणते आणि पुढं निघते.