पाचशे खड्डे, एकशे बारा झाडे

‘बुधवार, १५ मे १९७४. इंझोरी. ऊन फार. सकाळी वनखात्याचे साहेब टेकडीवरची रोपे पाहून गेले. पाचशेच्या पाचशे जिवंत म्हणाले. काम पूर्ण, म्हणून पाण्याची बैलगाडी उद्यापासून बंद.’

गावच्या शाळेत शिकवणाऱ्या अंजनाबाईंनी एवढे लिहून वही मिटली, तोच सोमला उंबऱ्याशी येऊन बसला.

सोमला तांड्यावरचा, साठीकडे झुकलेला. बहात्तरच्या दुष्काळात त्याची बैलजोडी गेली. पुढे राज्याने गावागावाला झाडांचा आकडा ठरवून दिला. झाडे वाढली की हवा निवेल, पाऊस टिकेल, असे सांगितले. इंझोरीच्या वाट्याला पाचशे कडुलिंब आले आणि सोमलाच्या वाट्याला त्यांची राखण. बकऱ्या हाकलता हाकलता त्याचा आवाज बसला, तो बसलाच.

“बाई, एक अर्ज ल्याहून द्या मले.”

“कशाचा?”

“झाडं एकशे बाराच हाएत. बाकीच्या खड्ड्यांत म्या पहाटं निंबाच्या डहाळ्या खोसल्या.”

“काहून केलंस असं?”

“गावाची लाज जाईन वाटलं. साहेब दुरूनच पाह्यतेत, बाई. इतके खूश होतीन, का गाडीच बंद करतीन, हे डोक्यातच नाई आलं.”

“अर्ज दिलास तर तुझं काम जाईल.”

“जाईन. पन पावसाले महिना हाए. बिनापान्याचे ते आठ दिवस नाई काढत.”

बाईंनी अर्ज लिहून वाचून दाखवला. सोमलाने अंगठा उठवला. साहेब अजून गावातच होते, सरपंचांकडे जेवून एसटीची वाट पाहत होते. बाई त्याच्यासोबत गेल्या. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, पुन्हा टेकडीवर गेले आणि एक रोप ओढले. ते अलगद हातात आले.

“मी वर काय तोंड दाखवू?”

“मले काढलं म्हनून सांगा,” सोमला म्हणाला. “पन गाडी राहू द्या.”

साहेबांनी आकडा खोडला. सोमलाला तिथेच कामावरून काढले. गाडीसाठी नवा हुकूम लागेल, पंधरा दिवस तरी जातील, म्हणाले आणि एसटीत बसले.

दिवस कलला तेव्हा सोमला खांद्यावर कावड घेऊन टेकडी चढत होता.

संध्याकाळी बाईंनी वही पुन्हा उघडली. ‘पिण्यापुरते ठेवून घरातले पाणी सोमलाला दिले. भांडी राखेने घासून, फडक्याने पुसून ठेवली.’