तलवारीला आवाज देणारा माणूस

कुरुंद्याच्या अलीकडं एक वाडी आहे. तिथं सोनाजी राहायचा. जमीन दोन एकर, तीही खडकाळ. पण गळा असा, की पारावरून हाक दिली तर ओढ्यापलीकडची गुरं मान वर करायची.

हा गळा पहिल्यांदा कामाला आला तो चौतीस सालच्या शिवरात्रीला, औंढ्याच्या जत्रेत. प्रेमसिंग नावाच्या माणसाचा सिनेमाचा तंबू लागला होता. चित्रं मुकी. मुंबईकडं चित्रं बोलायला लागली होती म्हणे, पण ते बोलणं अजून आपल्या गाडीवाटेनं आलं नव्हतं. पडद्याच्या बाजूला काठी घेऊन एक जण उभा राहायचा आणि हा राजा, ही राणी, हा दगाबाज दिवाण, असं लोकांना सांगायचा. त्या दिवशी त्याचा घसा बसला. सोनाजी पुढं होऊन म्हणाला, "मी सांगू काय? मी कालच्याला दोनदा पाहिलंय."

त्यानं गोष्ट मन लावून सांगितली. राणीचं दुःख सांगितलं, राजाचं वचन सांगितलं. लोक जांभया देऊन राहिले. मग पडद्यावर तलवारी निघाल्या. सोनाजीच्या पायाशी तंबूच्या खुंट्या ठोकायची पहार पडली होती. त्यानं ती उचलून जवळच्या लोखंडी खुंटीवर आपटली आणि मोठ्यानं ओरडला. सगळा तंबू उठून उभा राहिला.

खेळ संपल्यावर प्रेमसिंगनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "सोनाजी, लोगां कहानी सुनने नहीं आते. तलवार देखने आते. तू तलवार बोल."

सोनाजी पाच-सहा वर्षं तलवारच बोलला. जत्रा-जत्रांतून, आठवडी बाजारांतून तंबूबरोबर फिरला, आणि त्या कामातलं मर्म त्याला सापडत गेलं. वार पडताना ओरडायला कुणालाही येतं. खरी मजा वार पडायच्या आधी आहे. तलवार वर गेली की गप्प व्हायचं. तंबूतल्या माणसाचा श्वास छातीत अडकला पाहिजे. मग लोखंड वाजवायचं. पडद्यावर रक्त काळं दिसायचं, डांबरासारखं. सोनाजीनं त्याला रंग दिला. "पळस फुलला रं छातीवर!" असं तो म्हणायचा, आणि लोकांना लाल दिसायचं. म्हाताऱ्या बायका दिवाणाच्या नावानं बोटं मोडायच्या आणि ओरडायच्या, "आनखी एक हान मुडद्याला!"

नायकासाठी त्यानं एक वाक्य रचलं होतं. दहा जणांनी घेरल्यावर नायक छाती काढून उभा राहायचा आणि सोनाजी गरजायचा, "एकेक या न्हाईतर सगळे या, मला मोजायला येळ न्हाई!" हे वाक्य औतावर, मोटेवर, बाजाराच्या वाटेवर लोकांच्या तोंडी झालं.

त्याची बायको मंजुळाबाई एकदाच तंबूत आली. घरी जाताना म्हणाली, "येवढे पडले, त्यांच्यापैकी एकाची बी बायकू रडत आली न्हाई. काहून?"

"पडद्यावर मरणाऱ्याला बायकू नसती," सोनाजी हसून म्हणाला.

पुढं बोलतं मशीन आपल्या मुलखातही आलं. पडद्यावरच्या तलवारी आपल्याआपण वाजू लागल्या. प्रेमसिंगनं तंबू विकला, सोनाजी वाडीला परतला आणि दुसऱ्याच्या हळदीच्या रानात राबू लागला. पण पारावर चार माणसं जमली की फर्माईश व्हायची, आणि तोही नाही म्हणायचा नाही. सगळ्यात पुढं बसायचा त्याचा मावसभाऊ उत्तमराव. तालमीत कमावलेलं अंग, भोळा जीव. घरात आजोबाच्या वेळची एक तलवार होती. ती घेऊन तो नायकासारखा उभा राहायचा आणि विचारायचा, "दादा, बराबर हाय का?"

"डावा पाय पुढं घे. छाती काढ," सोनाजी सांगायचा.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा वाईट निघाला. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या. आज या गावची गंजी जळाली, उद्या त्या गावची माणसं मारली, अशा बातम्या रोज यायच्या. वैशाखातल्या एका सकाळी आठ-दहा जणांची टोळी वाडीच्या वाटेला लागली. बायका-लेकरं ओढ्यात उतरली, पुरुष मिळेल त्या वाटेनं पांगले. सोनाजी निवडुंगाच्या कुंपणामागं पालथा पडला. तिथून त्याला उत्तमराव दिसला.

उत्तमराव उकिरड्याजवळ वाटेच्या मधोमध उभा होता. हातात तलवार, डावा पाय पुढं, छाती काढलेली.

"अरं पळ!" सोनाजीला ओरडायचं होतं. पण ओढ्यापलीकडं पोचणारा तो गळा त्या दिवशी कोरडा पडला.

"एकेक या न्हाईतर..." उत्तमरावानं सुरू केलं. समोरच्यांपैकी एकानं, जराही न थांबता, बंदूक उडवली. बार फार मोठा झाला नाही. उत्तमराव दमलेला माणूस बसतो तसा उकिरड्याच्या कडेला खाली बसला. तलवार कुणावर उगारलीही गेली नव्हती. टोळीनं दोन घरं लुटली, एक पेटवलं. जाताना एकानं त्याची तलवार उचलून नेली.

उत्तमराव लगेच मेला नाही. पोटात लागलं होतं. सोनाजी सरपटत त्याच्यापाशी गेला. उत्तमराव आईला हाका मारत होता. त्याचं धोतर खराब झालं होतं, माश्या बसत होत्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याच्या हाका थांबल्या. सोनाजीनं त्याच्या रक्ताकडं पाहिलं. ते मातीत मिसळून चिखलासारखं झालं होतं.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. दसऱ्याला वाडीनं पारावर सभा धरली. पाटील तातेराव उभे राहून म्हणाले, "आपल्या वाडीचा येक वाघ पडला. कसा पडला ते सोनाजीच्या तोंडून ऐकू. त्यानं डोळ्यानं पाह्यलंय."

सोनाजी उभा राहिला. त्यानं सांगितलं ते सगळं खरं सांगितलं. बंदूक, उकिरडा, आईला मारलेल्या हाका, माश्या. "मीच त्याला तसं उभं राह्यला शिकवलं," तो शेवटी म्हणाला.

मग खेमा नावाचा एक जण उठला. टोळी आली तेव्हा हा वसमतला होता. "खोटं हाय! उत्तमरावानं तिघांना कापलं, मग पडला. ह्यो सोनाजी कुंपनामागं लपून व्हता, ह्याला काय दिसनार?"

लोकांना खेमाचं पटलं. सोनाजीला पारावरून उतरवलं. वाटेनं जाताना लोक त्याला पाहून थुंकू लागले.

आठ दिवसांनी शकुबाई, उत्तमरावाची बायको, त्याच्या दारात आली. पदर पुढं ओढून उंबऱ्याशी बसली.

"भाऊजी, काहून सांगितलं तुमी तसं?"

"खरं तेच सांगितलं, शकुबाई."

"मला म्हाईत न्हाई व्हय खरं? मीच धुतलं त्यायला. धोतर मीच पुरलं." तिचा आवाज चढला नाही. "आता पानवठ्यावर बाया माझ्या पोरींला इचारतात, तुमचा बाप भ्याला व्हता का म्हणून. खेमाला सांगाया येत न्हाई. आज तीन म्हणतो, उद्या सात. लोक हसून राह्यले. तुमाला येतं. तुमी सांगा."

"खोटं सांगू?"

"जनमभर काय केलं मग?"

आत मंजुळाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला होता.

दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा पार भरला. सोनाजी तातेरावांच्या पाया पडला, "त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं" म्हणाला आणि सुरू झाला. पहिली चार वाक्यं ओढून-ताणून आली. मग त्यानं उत्तमरावाची तलवार वर नेली आणि गप्प झाला. पारावर श्वास अडकलेला त्याला ऐकू आला. आणि मग त्याचा आवाज त्याच्या हाती राहिला नाही. पाच माणसं पडली. उत्तमरावाच्या छातीवर पळस फुलला. मरताना त्यानं मूठभर माती कपाळाला लावली. पुरुष हमसून हमसून रडले. सोनाजीच्या अंगावरही काटा आला, आणि इतकं गोड त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ते लक्षात आलं तेव्हा तो खाली बसला.

शकुबाई दोन्ही पोरींचे हात धरून मागं उभी होती. तिनं एकदा मान हलवली आणि घरी गेली. त्यानंतर ती सोनाजीशी कधी बोलली नाही. तो समोरून आला की वाट बदलायची.

मंजुळाबाईनं त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण जवळ बसली नाही.

महिन्याभरात शेजारच्या गावची माणसं गाडी जुंपून आली. म्हणाली, "आमच्याकडं बी एक जण मेला त्या टोळीच्या हातनं. येत्या पुनवेला सभा हाय. तुमीच सांगायचं."

"मी तिथं नव्हतो," सोनाजी म्हणाला.

"आमी तरी कुठं व्हतो?"

"कसा मेला तो?"

आलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "इहिरीत सापडला. पर ते काय सांगता येतं का? तुमी बघा, काय चांगलं दिसंल ते."

सोनाजीनं त्या मेलेल्याचं नाव विचारलं, वय विचारलं, आणि आत जाऊन धुतलेला फेटा काढला.