मिठाची चक्की अडली तेव्हा

मैत्रिणींनो, आज चाळीसगावची मंडळी लेकीला बघायला आली होती, तीही जेवायलाच. तिला मुलगा मनापासून आवडलाय. त्यांचा होकार तेवढा बाकी होता.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांच्या जेवणाच्या टेबलावर खडेमीठ दळायची छोटी लाकडी चक्की असायची. तशीच मी हौसेने घेतली आहे. मुलाच्या आईंनी भरितासाठी मीठ मागितलं, मी चक्की त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात मागे घेतला.

"ताई, खाली ठेवा. मीठ हातात दिलं की भांडणं होतात."

लेकीचा चेहरा उतरला. मी चक्की टेबलावर ठेवली. त्यांनी फिरवली, तर फिरेचना! सकाळी मी ती उकळत्या वरणावर धरली होती. वाफेने मीठ आत घट्ट बसलं होतं.

मुलाचे आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मीठ शे का नुसती चक्की शे?" म्हणजे मीठ आहे की नुसतीच चक्की? कुणीच हसलं नाही.

मी चक्की घेऊन स्वयंपाकघरात पळाले. मागोमाग मुलाच्या आई आल्या. चक्की उघडून केसातल्या पिनेने मीठ खरवडू लागल्या. मी बोटांनी झाकण साफ करत राहिले.

मान वर न करता त्यांनी विचारलं, "साखरपुड्याला तुमची माणसं किती येतील?"

मिठाचे हात डोळ्यांना लावू नयेत, हे अशा वेळी कुणाला सुचतं?