कालवणातला नारळ

माझी दोन्ही पोरं जावेच्या मांडीवर मोठी झाली. मी सकाळी वर्सोव्याला होड्या लागल्या की मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर आणि बसने पार्ल्याला. तिथे दारोदार विकून परत यायला दुपार कलायची. मोठी जाऊ घरी राही, बोंबील सुकवी. तिला मूल नव्हतं. पोरं तिला मोठी आय म्हणत आणि मला नुसती आय.

पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. पोरगी पहिली. ती सगळं घाईनं करायची. दात लवकर, बोलणं लवकर, दहाव्या महिन्यात चालली. यातलं मी काही पाहिलं नाही. मी रिकामी पाटी घेऊन आले की जाऊ दारातच सांगायची, "आज काय केलंन माहीत आहे?" आणि स्वतः चालून, पडून दाखवायची. शेजारणी हसायच्या. मी "बरं" म्हणायची आणि पाय धुवायला जायची. आतून अशी जळायची की पाणी डोक्यावर घ्यावंसं वाटे.

दुसरा मुलगा. हा अगदी उलटा. बसवला तिथे बसायचा, तोंडातून शब्द नाही, बहिणीने हातातला खाऊ ओढला तरी नुसता बघायचा. वर्ष झालं तरी बोंबील वाळत घालायच्या काठीला धरून उभा. मी जावेला बजावून ठेवलं, "याचं पहिलं पाऊल मी बघणार. सांगून ठेवते."

"बघ की. मी काय त्याला बांधून ठेवलाय?" ती म्हणाली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी कालवण जेवताना मी म्हटलं, "एवढं खोबरं कशाला घातलंस? सण आहे काय?"

"नारळ तडकलेला निघाला. ठेवून काय करू?"

मी दोनदा भात घेतला. चांगलं झालं होतं कालवण.

दुसऱ्या दिवशी मी घरी बसले. म्हटलं, हा चालेपर्यंत हलणार नाही. जावेने माझी पाटी उचलली आणि पार्ल्याला गेली. संध्याकाळी येऊन सांगते, "तुझ्या त्या दुसऱ्या माळ्यावरच्या बाई म्हणाल्या, तुम्ही पापलेट छान साफ करता हो." म्हणजे आता माझी गिऱ्हाइकंही तिची. मला जेवण गेलं नाही.

पाच दिवस मी पोरासमोर बसून राहिले. हाका मारल्या, गूळ दाखवला. तो काठीला धरून माझ्याकडे बघत राहिला. सहाव्या दिवशी काठी सोडली आणि अंगणातून चार पावलं टाकत माझ्या अंगावर येऊन आपटला. मी एवढी ओरडले की गल्ली गोळा झाली.

आमच्या घरी पोराचं पाऊल पडलं की देवापुढे नारळ फोडून गूळ-खोबरं वाटतात. संध्याकाळी मी नारळ फोडला, स्वतः दारोदार वाटला. जावेच्या हातावर सगळ्यांत शेवटी ठेवला. मुद्दाम.

पोरगी खोबरं चघळत होती. म्हणाली, "आय, मोठ्या आयने पण फोडला होता. पण वाटला नाय. कालवणात टाकला. मला म्हणाली, आयला सांगू नको."

मी जावेकडे गेले. ती कोयता घासत होती.

"कधी चालला तो?"

"कुठे चालला? दोन पावलं टाकलीन आणि पडला."

"मग नारळ कशाला फोडलास?"

"पोराचं पाऊल पडलं आणि देवाला नारळ दाखवू नको? वाटला असता तर तुला कळलं असतं. तुला बघायचं होतं ना? बघितलंस. मग आता कशाला भांडतेस गो?"

मी भांडले. काय बोलले ते लिहीत नाही. वांझ हा शब्द बोलले, एवढं लिहिते. ती कोयता घासत राहिली. मला राग कशाचा होता? तिने आधी पाहिलं याचा होताच. त्याहून जास्त, जे मी माझं म्हणून गल्लीत मिरवलं ते तिने मला दिलेलं निघालं, याचा. आणि मी ते खोबरं भाताबरोबर दोनदा मागून खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी पाटी उचलून पार्ल्याला गेले. घरी बसून काय बघायचं राहिलं होतं?

पोरगी माझ्यावर गेली. पोटात काही राहत नाही, तोंडाने फटकळ. पोरगा जावेवर गेला. तिचं रक्त नाही, तरी तिच्यावर गेला. शाळेत मार खाल्ला, ताप आला, काही सांगायचा नाही. तिला मात्र न सांगता कळे.

त्याचा पहिला दात पडला तेव्हा तो सहा वर्षांचा. मी परत आले तर दोघं पायरीवर बसलेली. जावेने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी माझ्या हातात दिली. "सकाळी पडला. तू येईपर्यंत ठेवला. कौलावर तूच टाक."

पोरगा म्हणाला, "मोठी आय पण टाकणार माझ्याबरोबर."

"एकच दात आहे," मी म्हटलं, आणि एकटीनेच कौलावर फेकला. तिला हात लावू दिला नाही.