दुखत नाही, म्हणजे बरं होतंय?

रोह्याच्या डॉक्टरांनी आईच्या उजव्या पावलावर बोथट पिन टोचली आणि विचारलं, “लागतंय?”

“नाय,” आई हसून म्हणाली. “मिठागरातले पाय हायेत, डॉक्टर. आमाला काटापन लागत नाय.”

डॉक्टर हसले नाहीत. तीच पिन त्यांनी डाव्या पावलाला लावली. आईने पाय झटकन ओढून घेतला.

दोन्ही पाय एकाच खाऱ्या पाण्यात राबलेले. मग एकालाच का लागलं? हा प्रश्न तोवर आम्हाला कुणी विचारला नव्हता.

एमआरआय झाला, म्हणजे चुंबकाच्या यंत्रातून पाठीच्या आतले फोटो काढले. दुखण्याचं नाव निघालं डिस्क प्रोलॅप्स. मणक्यांमधली गादी सरकून पायाची नस दाबली गेली होती. त्यामुळे पाऊल वर उचलत नव्हतं. त्याला फूट ड्रॉप म्हणतात.

“ऑपरेशन लांबवू नका,” डॉक्टर म्हणाले. “आधीच उशीर झालाय. पाऊल पुन्हा उचललं जाईल का, ते आज सांगता येत नाही.”

उशीर कुठे झाला ते लिहिते. नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही, कारण राग अजून गेलेला नाही.

आईची कंबर दुखायची, कळ पायात उतरायची. पेणच्या बाजारात एक बोर्ड होता, ‘रिफ्लेक्सॉलॉजी फिजिओथेरपी’. तळव्याच्या ठरावीक जागा दाबल्या की शरीराच्या त्या त्या भागाचं दुखणं जातं, असं ही पद्धत मानते. आत भिंतीवर पावलांचं रंगीत चित्र होतं. अंगठ्यात डोकं, आतल्या कडेला मणका. तिथल्या माणसाला सगळे ‘सर’ म्हणत. त्यांनी आईच्या पाठीला हातसुद्धा लावला नाही. लाकडी खुंटीने तळवा दाबत राहिले.

“दुखतंय?”

“नाय.”

“बघा, मणका मोकळा होतोय!”

आईला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे मिठागरात राबणाऱ्या बायकांचे तळवे निबरच असतात, त्यांची कोण विचारपूस करतं? पुढे चालताना तिच्या उजव्या पायातली चप्पल मागे राहायला लागली आणि तिला कळायचंही नाही. मी सरांना सांगितलं.

“पाय हलका झालाय,” सर म्हणाले.

शेवटी मामाने, तो रोह्याजवळ वरशाला राहतो, आईला भाताच्या बांधावर अडखळून पडताना पाहिलं आणि सरळ रोह्याला नेलं.

ऑपरेशननंतर मी त्या सरांकडे एकटी गेले. ते म्हणाले, “तू कॉलेजात जातेस ना? मग तुला कळायला नको?”

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यांना उत्तर आता देते. बोर्डावर फिजिओथेरपी हा शब्द तुम्ही लिहिलात, सर. मी तो वाचला आणि खरा मानला. कळायला तुम्हाला हवं होतं.

खरी फिजिओथेरपी आम्ही रोह्याच्या हॉस्पिटलात पाहिली. तिथला मुलगा रोज एकच सांगायचा, “मावशी, पाऊल वर.”

“अरे मेल्या, उचलत नाय तर कुठून उचलू?”

“शिव्या द्या, पण उचला.”

एका सकाळी अंगठा हलला. आई रडली, मग त्यालाच ओरडली, “बघतोस काय, धर ना!”

कळ गेली. पाऊल अर्धंच उचलतं. त्याला आधार द्यायला ती प्लॅस्टिकचा पट्टा बांधते. हंगामाआधी मिठागराचा चिखल बायका रांगेने अनवाणी तुडवून घट्ट करतात, तिथे पट्टा चालत नाही. यंदा आई रांगेत नव्हती. पुढेही नसेल, असं डॉक्टर म्हणतात.

परवा शेजारची काकू आली. तिचीही कंबर धरली आहे. “त्या पेनवाल्याचा पत्ता दे गो. दाबून घेतलं की बरं वाटतं म्हनतात.”

आईने पट्ट्याचा पाय तिच्यापुढे केला. “ह्यो बघ पत्ता. आदी मनका तपास, मंग कोनाकडूनपन पाय दाबून घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ठेवणीतली साडी नेसून आमच्या दारात उभी होती. मी कॉलेज बुडवलं आणि तिला रोह्याला घेऊन गेले.