आधीवाले, नंतरवाले आणि रूथचं लग्न

आमच्या तालमीत जगाचा शेवट जितक्या वेळा झाला, तितक्या वेळा आमची गाणीसुद्धा बसली नाहीत! दर शनिवारी दोन गाणी घ्यायची म्हणून जमायचं, एक अर्धवट सोडायचं आणि एक किस्सा घेऊन घरी यायचं. असे किस्से साठत साठत गेले. आता दोन जुनी माणसं भेटली की गाणी कुणालाच आठवत नाहीत, किस्से मात्र सगळ्यांना पाठ!

नाशिकला शरणपूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं छोटं देऊळ होतं आणि त्याच कंपाउंडात आमची सगळ्यांची घरं. देऊळ म्हणजे चर्चच, पण आम्ही घरात देऊळच म्हणायचो. देवळाच्या ओट्यावर आमच्या गायनपथकाची तालीम. पेटी माझ्याकडे. गाणी बसवायचे सॉलोमन मास्तर, मराठी शाळेतले शिक्षक. मागच्या ओळीत जाड्या आवाजाचे दाविदकाका, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर, मूळचे लासलगावकडचे. आणि हे दोघं एकमेकांचे जन्माचे विरोधक!

भांडण कशावरून? प्रभू पुन्हा येणार यावर दोघांचं एकमत. पण शेवटच्या दिवसांत जगावर सात वर्षांचं महासंकट येणार आहे, तर प्रभू त्याच्या आधी येणार की नंतर? मास्तर म्हणायचे, विश्वासणाऱ्यांना देव संकटाच्या आधीच वर उचलून घेणार. दाविदकाका म्हणायचे, "काय नाय! आधी हाल सोसायचे, मंग वर जायाचं. फुकट काय मिळत नसतं!" म्हणजे एसटी येणार हे दोघांना मान्य, भांडण फक्त टाइमटेबलचं. त्यावरून आमच्या पथकात दोन पार्ट्या पडल्या होत्या, आधीवाले आणि नंतरवाले.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, तिसरेच. ते म्हणायचे, "अहो, ती वर्षं म्हणजे कॅलेंडरची वर्षं नव्हेत." त्यामुळे त्यांच्यावर दोन्ही पार्ट्यांचा राग.

या सगळ्यात माझी मैत्रीण रूथ अडकली होती. रूथ मास्तरांची मुलगी, कोर्टाजवळ एका वकिलाकडे करारनामे टाइप करणारी टायपिस्ट, आणि आमच्या पथकाचा सगळ्यात वरचा सूर. तिला लग्न करायचं होतं प्रकाशशी. आणि प्रकाश हा दाविदकाकांचा मुलगा!

* * *

पहिला किस्सा आणीबाणीतला. मास्तरांचा आवडता शब्द होता 'उचलणे'. प्रार्थनेत, गाण्यात, शाळेच्या वाटेवर, सगळीकडे तोच. "एक दिवस आपण उचलले जाऊ!" त्या दिवसांत गावात मात्र या शब्दाला एकच अर्थ उरला होता. पोलिसांनी उचललं!

एका दुपारी दाविदकाका कारखान्याच्या गेटवर चार माणसांत उभे राहून बोलत होते. जीप आली आणि चौघांनाही घेऊन गेली. मास्तर सायकलवरून घरी येत होते. कोपऱ्यावरचा चहावाला गणपत ओरडला, "मास्तर! दाविद फिटरला उचललं!"

मास्तर सायकलवरून उतरले. गणपत सांगतो, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी वर आभाळात बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. पाय जमिनीवरच होते.

"दाविदला?" ते म्हणाले. "आणि मी इथंच?"

"अहो, जीपमधून नेलं!" गणपत म्हणाला. तेव्हा कुठे मास्तरांच्या जिवात जीव आला, कारण जीपचा उल्लेख कुठल्याच वचनात नव्हता.

मास्तर तसेच चौकीवर गेले आणि फौजदारांना म्हणाले, "साहेब, या माणसाची मतं चुकीची आहेत, पण माणूस सरळ आहे."

"कसली मतं?" फौजदारांनी कान टवकारले.

"हजार वर्षांच्या राज्याबद्दलची."

"राज्य? कुणाचं राज्य येणार आहे?"

मास्तर उत्साहाने सांगायला बसले. प्रभू येऊन हजार वर्षं राज्य करणार, त्याआधी सगळी राज्यं पडणार, सिंहासनं उलथणार, असं ऐकल्यावर फौजदारांना घाम फुटला. ते म्हणाले, "तुम्ही दोघंही आधी घरी जा! आणि हे बाहेर कुठं बोलू नका."

चौकीबाहेर आल्यावर मास्तर विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ दाविद! आधी उचलणं, नंतर संकट. क्रम माझाच बरोबर निघाला!"

दाविदकाका म्हणाले, "ते ठीक हाय मास्तर. पण संकटात तुमी बी आलाच की!"

* * *

इतकं झाल्यावर सोयरीक जुळायला काय हरकत होती? मेरीकाकूंनी, म्हणजे प्रकाशच्या आईने, त्याच आठवड्यात विषय काढला. मास्तरांनी अट घातली. दाविदने सर्वांसमोर म्हणायचं, की आधी उचलणं आणि नंतर संकट. मग मुलगी देतो.

दाविदकाका उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, मी मुलगा देतो. मत देत नाय!"

झालं. बोलणी तिथंच फिसकटली.

* * *

दाविदकाका मताचे नुसते पक्के नव्हते, त्यांची तयारीही असायची. संकटाच्या काळात विश्वासणाऱ्यांना बाजारात काही विकत मिळणार नाही, म्हणून त्यांनी एक खोली साठवणीला काढली होती. तांदूळ, मीठ, काडेपेट्या, रॉकेल. एका उन्हाळ्यात प्रकाश लासलगावहून कांद्याने भरलेला टेम्पोच घेऊन आला. तो तिथं एका व्यापाऱ्याकडे कामाला होता आणि त्या वर्षी कांदा मातीमोल झाला होता.

दिवाळी उलटली आणि अख्ख्या कंपाउंडला वास सुटला. पलंगाखाली, माळ्यावर, बायबलच्या कपाटाशेजारी, जिकडे तिकडे कांद्याला हिरवे कोंब! मास्तर मुद्दाम बघायला गेले. म्हणाले, "दाविद, कांदा उगवला रे, संकट काही उगवलं नाही."

मेरीकाकू आतून ओरडल्या, "संकट इथंच बसलंय! रोज निवडतेय मी ते!"

पुढे महिनाभर कंपाउंडात आधीवाले आणि नंतरवाले, दोघांच्याही घरी कांद्याची भजी. पाळकसाहेबांना तर रविवारी उपदेश करताना ढेकर आवरेना.

* * *

आमच्या देवळाने लाउडस्पीकर आणला तो किस्सा रूथच्या आईचा. सुशीलाकाकू मास्तरांची बायको खरी, पण वादात कधी पडायच्या नाहीत. म्हणायच्या, "यांचं आधी की नंतर ते चालू दे. माझ्याकडे डाळ शिजायची राहिलीय."

वायरमनने तीन कर्णे बांधले होते, एक फाटकावर, एक चिंचेवर, एक छपरावर. तो आत बसून एकेक तपासत होता आणि बाहेरच्या माणसाला ओरडून विचारत होता. पहिला वाजला, दुसरा वाजला, शेवटचा काही वाजेना. मग एकदम खरखर झाली आणि बाहेरचा माणूस आनंदाने किंचाळला, "वाजला! शेवटचा कर्णा वाजला!"

आता शेवटचा कर्णा म्हणजे काय, ते आमच्यात पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. तो वाजला की मेलेले उठणार आणि जिवंत असलेले वर जाणार. सुशीलाकाकू स्वयंपाकघरातून धावत अंगणात आल्या, पदर खोचला, हात जोडले आणि आभाळाकडे बघून म्हणाल्या,

"आले रे देवा, पण जरा थांब! कुकरची एकच शिट्टी झालीय!"

* * *

रूथची जिद्द मला खऱ्या अर्थाने कळली ती स्कूटरच्या दिवशी. प्रकाशने सेकंडहँड स्कूटर घेतली. नंबराचे शेवटचे तीन आकडे सहा, सहा, सहा! आमच्याकडे हा पशूचा, म्हणजे सैतानाच्या हस्तकाचा आकडा. शेवटच्या दिवसांत पशू आपली खूण माणसांवर मारणार, असं लिहिलेलं आहे.

तालमीला सगळे जमले असताना स्कूटर फाटकातून आत आली. मास्तरांनी नंबर वाचला, पेटी बंद करायला लावली आणि गरजले, "पाहिलंत? पशूची खूण! म्हणे या घरात मुलगी द्या!"

रूथ उठली, चपला घातल्या आणि सर्वांच्या देखत प्रकाशच्या मागे जाऊन बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "खूण कपाळावर किंवा उजव्या हातावर असते. मडगार्डवर नाही!"

आणि स्कूटर गेली. मास्तर कितीतरी वेळ बायबल चाळत होते. वचनात खरंच मडगार्ड नव्हतं.

* * *

मास्तरांनी मग घाई केली. पुण्याहून एक स्थळ आणलं. मुलगा शिकलेला, नोकरीचा, आणि पक्का आधीवाला. रूथने मला सोबतीला बसवून घेतलं होतं. पोहे झाले, चहा झाला. मुलाने घसा साफ केला आणि विचारलं, "हजार वर्षांच्या राज्याबद्दल आपलं मत काय आहे?"

रूथ म्हणाली, "हजार वर्षांचं नंतर बघू. पहिल्या वर्षी भांडी कोण घासणार?"

पाहुणे चहाचा दुसरा कप न घेताच उठले.

त्या संध्याकाळी रूथ रडली. इतक्या वर्षांत मी तिला तेवढंच एकदा रडताना पाहिलं. मला मास्तरांचा असा संताप आला होता की पेटी उचलून त्यांच्या पायावर टाकावी! पण मास्तरच आमच्याजवळ पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "बेटा, मला भीती वाटते गं. त्या घरात कुणी वर बघत नाही, सगळे संकटाची वाट बघतात. तो क्षण आला, मी वर गेलो आणि तू खाली राहिलीस तर? मी तिकडे काय करू?"

मास्तरांचा हट्ट हा नुसता हट्ट नव्हता, हे मला त्या दिवशी समजलं. राग गेला नाही, पण समजलं.

रूथने डोळे पुसले. "पप्पा, एवढंच असेल तर मी तुमचा हात धरून ठेवीन. पण लग्न प्रकाशशीच करणार. प्रभू यायची तारीख तुम्हाला सांगता येत नाही ना? मग लग्नाची सांगा."

मास्तर चष्मा पुसू लागले. मग रूथने तिचं शेवटचं हत्यार काढलं. "तुमची तारीख नाही, तर माझा सूर नाही!"

* * *

नाताळ तोंडावर आलेला. रूथ तालमीला यायची, बाकावर बसायची आणि तोंड मिटून विणकाम करायची. तिच्याशिवाय वरची पट्टी लावणारं पथकात कुणीच नव्हतं. मी सुचवलं, पट्टी खाली आणू. मास्तर म्हणाले, "मुळीच नाही. मी गातो!"

मास्तर रूथच्या जागी उभे राहिले, डोळे मिटले आणि तो वरचा सूर लावला. काय सांगू! चिंचेवरचे कावळे उडाले. दाविदकाकांनी टोपी डोळ्यांवर ओढली. फाटकाबाहेर गणपतचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. मास्तर मात्र मागे हटणारे नव्हते. दुसरं कडवं, तिसरं कडवं, प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा वर!

गाणं संपलं. तेव्हा पाळकसाहेब, जे कधीच कुणाच्या पार्टीत नव्हते, ते हळूच दाविदकाकांकडे वळून म्हणाले,

"दाविदभाऊ, तुमचंच खरं. मंडळीला महासंकटातून जावंच लागतंय!"

सगळ्यात आधी हसले ते मास्तर. हसता हसता बाकावर बसले, चष्मा काढला, रूथकडे बघितलं. ती अजून विणतच होती.

"ईस्टरनंतरचा पहिला शनिवार," मास्तर म्हणाले. "आता गा बाई!"

* * *

आणि आता लग्नाचा दिवस. देऊळ गच्च भरलेलं. डावीकडे आधीवाले, उजवीकडे नंतरवाले, कुणी बसवले नव्हते, आपोआप बसले होते. रूथ पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळीचा व्हेल. प्रकाश घामाघूम. गणपत बुंदीचं ताट घेऊन दारात उभा.

पाळकसाहेब वचनं वदवून घेऊ लागले. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, सगळं नीट चाललं होतं. मग ते म्हणाले, "मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत..."

पुढच्या बाकावरून मास्तर खाकरले. पाळकसाहेब थांबले. मास्तर उभे राहून म्हणाले, "माफ करा, पण मरण यायलाच हवं असं काही नाही. मरणाआधी प्रभू आला तर? तेही घाला."

पाळकसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "बरं. मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत, अथवा प्रभू येईपर्यंत..."

"थांबा!" उजवीकडून दाविदकाका उठले. "असं 'अथवा' बिथवा चालायचं नाय! दोनातलं कंचं ते नक्की करा. आधी मरण का आधी प्रभू?"

"आधी प्रभू!" डावीकडून आवाज आला.

"आधी मरण!" उजवीकडून आला.

सुशीलाकाकूंनी कपाळावर हात मारला. प्रकाश खाली जमिनीकडे बघत राहिला. पाळकसाहेब एकदा डावीकडे बघत होते, एकदा उजवीकडे.

रूथने दोन्ही हातांनी व्हेल मागे टाकला. आधी मास्तरांकडे बघितलं, मग दाविदकाकांकडे. दोघंही बसले. मग तिने प्रकाशचा हात घट्ट धरला आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पाळकसाहेब, असं म्हणा. मरण येईपर्यंत अथवा प्रभू येईपर्यंत, यांपैकी जे उशिरा घडेल तोपर्यंत!"